टीबीच्या रुग्णांचा फोनवरून पाठपुरावा: नंबर कसा घ्यायचा, काय विचारायचे, फोन लागला नाही तर काय करायचे

सातमाळा

उपकेंद्रे, ग्रामीण दवाखाने आणि छोट्या संस्थांत काम करणाऱ्यांसाठी हा धागा काढतो आहे. टीबीचे औषध चालू असलेल्या माणसाला सहा महिने साध्या फोनवरून कसे धरून ठेवायचे, एवढाच विषय. एक डबल सिमचा कीपॅड फोन, एक आडवी वही आणि दिवसातला एक तास, इतकेच हाताशी आहे असे धरून लिहितो.

नेहमीच्या टीबीला पहिले दोन महिने चार औषधे (५६ डोस) आणि पुढचे चार महिने तीन औषधे (११२ डोस). इथला महिना २८ दिवसांचा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ताप जातो, खोकला कमी होतो, भूक लागते. माणूस कामाला लागतो आणि गोळ्या सुटतात ते इथेच. सलग महिनाभर औषध बंद राहिले की सरकारी नोंदीत तो 'पाठपुराव्यातून सुटलेला' होतो. तोवर थांबलो तर फार उशीर झालेला असतो. पहिल्या तीन दिवसांत कळायला हवे.

सगळ्यात जास्त चूक होते ती नंबर घेताना. तोंडी सांगितलेला नंबर लिहून घेऊ नका. रुग्णासमोर बसून त्याच्या फोनवरून दवाखान्याच्या फोनला मिस्ड कॉल द्यायला लावा. घंटा वाजली की आलेला नंबर वहीत उतरवा. अर्ध्या मिनिटाचे काम आहे, पण यात चार गोष्टी होतात: आकडा चुकत नाही, सिम चालू असल्याची खात्री होते, दवाखान्याचा नंबर त्याच्या फोनमध्ये जातो, आणि फोन सोबत नसेल तर तो घरी कुणाकडे असतो हेही तिथेच विचारता येते.

नंबरापुढे 'कुणाचा' हा रकाना हवाच. स्वतःचा, नवऱ्याचा, मुलाचा, शेजारच्या किराणावाल्याचा. त्याला लागून दुसरा रकाना: 'त्याला आजार माहीत आहे का?' हो किंवा नाही. हा रकाना रिकामा असेल तर त्या नंबरावर आजाराचा उच्चारही करायचा नाही. शिवाय आणखी दोन नंबर घ्या. त्यातला एक घराबाहेरचा असू द्या, कारण घरातले सगळे एकाच वेळी मजुरीला जातात.

फोनची वेळ रुग्णालाच विचारा. दुपारी बारा ही दवाखान्याच्या सोयीची वेळ, शेतमजुराच्या नाही. बहुतेकांना सकाळी सात-साडेसात किंवा संध्याकाळी सातनंतर जमते. डोंगरातल्या पाड्यांवर रेंजच नसते, तिथे आठवडी बाजाराचा दिवस धरा. माणसे खाली उतरतात, फोन रेंजमध्ये येतो, सकाळी दहा ते दोनमध्ये बोलणे होते. वहीत गावापुढे बाजाराचा वार लिहिलेला असला की झाले.

किती वेळा फोन करायचा? पहिले दोन आठवडे एकाआड एक दिवस, मग दोन महिने होईपर्यंत आठवड्याला एकदा, पुढे पंधरा दिवसांनी. मात्र एकदा डोस चुकला की तो रुग्ण परत एकाआड एक दिवसावर. सरसकट सगळ्यांना रोज फोन लावणारी यंत्रणा महिनाभरात बंद पडते. फोन करणारा दमतो आणि ऐकणाराही.

---

वहीवाला

फोन लागला नाही की आपल्याकडे सगळे एकच शब्द लिहितात: 'लागला नाही'. त्यातून काहीच कळत नाही. पलीकडून काय ऐकू आले ते लिहा, कारण प्रत्येकाचा इलाज वेगळा.

घंटा पूर्ण वाजली, उचलला नाही: माणूस कामात आहे. संध्याकाळी पुन्हा करा.

'स्विच ऑफ': बॅटरी गेली असेल, गावात वीज नसेल. दुसऱ्या दिवशी सकाळी करा.

'संपर्क क्षेत्राबाहेर': रेंज नाही. बाजाराच्या दिवसाची वाट पाहा, पण तीन दिवसांच्या वर नको.

'इनकमिंगची सुविधा उपलब्ध नाही': रिचार्ज संपला आहे. हे लोण २०१८ च्या अखेरीपासून वाढले. कंपन्यांनी किमान रिचार्जची अट घातली तेव्हापासून नुसते सिम बाळगून फोन येत नाही. हा रुग्ण आपणहून परत जोडला जाणार नाही. लगेच दुसऱ्या नंबरावर जा.

'हा नंबर अस्तित्वात नाही': सिम गेले. तीनही नंबरांची खातरजमा नव्याने करा.

आणि सगळ्यात धोक्याचे: कुणीतरी अनोळखी उचलतो. बरेच दिवस न वापरलेले सिम बंद होते आणि तोच नंबर पुढे नव्या गिऱ्हाइकाला मिळतो. म्हणून 'तुमच्या टीबीच्या गोळ्या चालू आहेत ना?' असे पहिले वाक्य कधीच नको. आधी 'कोण बोलतंय?', मग 'अमुक गावाहून का?', मग पूर्ण नाव. तिन्ही जुळले की 'दवाखान्यातून बोलतोय, तुमच्या पुढच्या तारखेबद्दल'. आजाराचे नाव शेवटपर्यंत घ्यावे लागत नाही.

---

रानजाई

सातमाळा, उत्तम सुरुवात. पण फोनवर विचारायचे काय, हा खरा भाग तुम्ही मोकळा ठेवलात. 'गोळ्या घेताय ना?' या प्रश्नाला साऱ्या महाराष्ट्रात एकच उत्तर आहे: 'हो, घेतोय की.' ते खोटे असतेच असे नाही. दवाखान्यातल्या माणसाला नाही कसे म्हणायचे, एवढेच त्यात असते.

त्याऐवजी गोळ्यांची पाने (स्ट्रिप) मोजायला सांगा. सरकारी टीबी कार्यक्रमातल्या मोठ्या माणसांच्या गोळ्या २८ च्या पानात येतात. दिवसाच्या गोळ्या वजनावर ठरतात: २५ ते ३४ किलोला २, ३५ ते ४९ ला ३, ५० ते ६४ ला ४, ६५ ते ७५ ला ५. म्हणजे रोज ३ गोळ्या असतील तर २८ दिवसांना ८४ गोळ्या, बरोबर तीन पाने.

आता दहा डोस झाल्यावर फोन केला असे धरा. ३० गोळ्या संपलेल्या हव्यात, ५४ उरलेल्या. म्हणजे एक न उघडलेले पान आणि उघडलेल्यात २६. प्रश्न असा: 'पानं समोर घ्या. न उघडलेली किती? उघडलेल्यात किती राहिल्या?' फोन न ठेवता मोजू द्या. ५४ च्या जागी एकूण ६० भरल्या (दोन न उघडलेली पाने आणि उघडलेल्यात ४) तर 'का चुकवल्या?' म्हणू नका. 'दोन दिवस राहिलेले दिसतात, काय झालं होतं?' म्हणा. उलटी झाली, गावाला गेलो, सासूसमोर पान काढायचे नव्हते, खरे कारण तेव्हा बाहेर येते.

दोन ठिकाणी हिशेब फसतो. मागच्या महिन्याच्या उरलेल्या गोळ्या नव्यात मिसळलेल्या असतात, म्हणून औषध देताना 'दिली किती, आधीची शिल्लक किती' हे वहीत लिहा. आणि काही घरांत गोळ्या पानातून काढून डबीत ठेवतात. त्या दमटपणाने खराब होतात आणि मोजही जाते. पानातून गोळी खायच्या वेळीच काढायची, हे पहिल्या दिवशी सांगा. चुकलेला डोस दुसऱ्या दिवशी दुप्पट घ्यायचा नाही, हेही तेव्हाच.

---

डॉ. पाणवठा

रानजाईंची मोजणी पटली. त्याला त्रासाचे प्रश्न जोडतो, कारण औषध सुटण्यामागे पुष्कळदा त्रास असतो आणि त्यातले काही त्रास खरोखर धोक्याचे असतात.

लघवी लाल-नारिंगी होणे हे रिफाम्पिसिनमुळे (चारांपैकी एक औषध; एथॅम्ब्युटॉल, पायराझिनामाइड, आयसोनियाझिड ही बाकीची तीन), त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पण हे आधी सांगितले नाही तर माणूस रक्त समजून गोळ्या टाकून देतो. फोनवर फरक असा ओळखा: 'डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसतोय का? जेवणावरची वासना गेली का? सारखी मळमळ, उलटी?' डोळे पांढरे, जेवण चालू, रंग फक्त लघवीला, तर धीर द्या. डोळे पिवळे किंवा उलट्यांसोबत भूक मेलेली, तर त्या दिवसापासून सगळ्या गोळ्या थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे. यात 'उद्या बघू' चालत नाही. आणि दारू पिता का, हे याच फोनवर विचारा, दटावणीचा सूर न लावता.

'दिसायला धूसर झालंय का? लाल-हिरवा ओळखू येतो का?' हा एथॅम्ब्युटॉलसाठी. हो म्हटले तर तेही त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचे. सांधे दुखणे बहुधा पायराझिनामाइडचे, तळपायाला मुंग्या आयसोनियाझिडच्या. या दोन्हींवर उपाय आहेत, गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत.

खोकल्यातून रक्त, एकदम दम लागणे, शुद्ध हरपणे: फोनवर सल्ला देत बसू नका, १०८ लावा. फोन करणाऱ्या ताईकडे हा कागद समोर चिकटवलेला हवा. डोक्यात ठेवायला सांगू नका.

---

खटाववाडी

एवढे सगळे हाताने कशाला? नव्याण्णव-डॉट्सची पद्धत होतीच की. गोळी पानातून बाहेर काढली की मागे दडवलेला नंबर दिसतो, त्यावर फुकट मिस्ड कॉल द्यायचा, संगणकात डोस लागतो. शिवाय आपोआप जाणारे एसएमएस. माणसाचा वेळ वाचतो.

---

रानजाई

खटाववाडी, ती युक्ती हुशारीची आहे आणि कामाचीही, पण मिस्ड कॉल आला म्हणजे गोळी पोटात गेली, असे नाही. दोन्ही बाजूंनी चूक होते. गोळी घेतली पण फोनमध्ये चार्जिंग नव्हते, म्हणून नोंद नाही. किंवा मुलाने पान फोडून कॉल दिला आणि गोळी उशाखाली. संगणकावर हिरवे दिसतेय म्हणून घरी जायचे टाळले, तर यंत्रणा उलटी पडते. ज्यांचा कॉल आला नाही त्यांची रोजची छोटी यादी काढायला ती वापरा. त्याहून जास्त वजन तिच्यावर टाकू नका.

---

वहीवाला

एसएमएसबद्दल एक अगदी बारीक गोष्ट, जी संस्थांना बिल आल्यावर कळते. इंग्रजी अक्षरांत एका एसएमएसमध्ये १६० चिन्हे मावतात. देवनागरीत फक्त ७०. आणि त्यात काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. 'गोळ्यांचे' हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो, पण तो ९ चिन्हे खातो. ७० च्या वर एक चिन्ह गेले की दोन संदेशांचे पैसे. तेव्हा मजकूर असा आवळा:

'उद्या मंगळवारी दवाखान्यात या. गोळ्यांचे पान आणा.'

जागा, पूर्णविराम धरून ही ४८ चिन्हे. आजाराचे नाव नाही, रुग्णाचे नाव नाही, दुसऱ्याच्या हाती पडला तरी बिघडत नाही. 'उद्या'सोबत वार लिहा, कारण संदेश कधी कधी दुसऱ्या दिवशी रेंज आल्यावर पोचतो.

एकगठ्ठा संदेश पाठवायचे तर ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमांनुसार संस्थेची, पाठवणाऱ्याच्या नावाची आणि प्रत्येक मजकुराच्या साच्याची आगाऊ नोंदणी लागते. नंतर साच्यातला एक शब्द बदलला तरी संदेश अडतो. साठ-सत्तर रुग्ण असतील तर या फंदात पडू नका, हाताने फोन करा. आणि जुन्या स्वस्त फोनवर देवनागरीऐवजी चौकोन दिसतात, तेव्हा पहिल्या दिवशी रुग्णाच्या फोनवर एक संदेश पाठवून तो वाचता येतो का ते त्याच्यासमोरच पाहा.

---

मोळगीकर

वाचता येणारे धरून सगळे चालले आहे. धडगाव-अक्कलकुव्यात पावरी आणि भिली, मेळघाटात कोरकू, भामरागडला माडिया. मराठी एसएमएस तिथे कागदाचा तुकडा. आवाज वापरा. त्याच भागातल्या आशाताईच्या आवाजात वीस सेकंदांचे निरोप रेकॉर्ड करा: तारखेचा एक, थुंकी तपासणीचा एक, 'त्रास होतोय का' एक. ज्या घरात स्मार्टफोन आहे तिथे व्हॉट्सॲपवर पाठवा, नाहीतर फोन लावून स्पीकरवर ऐकवा. शहरातून प्रमाण मराठीत आलेला आवाज माणसे कंपनीचा फोन समजून कापतात.

थुंकीचे सांगताना 'सकाळी उठल्यावर चूळ भरून, खोल खोकून आलेला बेडका, लाळ नको' असे पूर्ण वाक्य त्या बोलीत हवे. दोन महिने संपताना आणि औषध संपताना ही तपासणी असते, आणि लाळ आणली म्हणून परत पाठवलेला माणूस तीस किलोमीटरवरून पुन्हा येत नाही.

---

खटाववाडी

पटले. पण मग बीपी-शुगरवाल्यांचे काय? तिथे तर शेकड्याने रुग्ण असतात. ४०० जणांना पंधरवड्याला फोन कसा जमणार?

---

डॉ. पाणवठा

त्यांना फोन करायचाच नाही, आले नाहीत त्यांनाच करायचा. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्र पहिल्या राज्यांत होता. त्यात वापरलेल्या सिंपल ॲपचा गाभा हाच: तारीख उलटलेल्यांची यादी रोज समोर येते, तीवरून फोन लावायचा. हे कागदावरही होते. महिन्याचे ३१ कप्पे असलेली खोकी घ्या, रुग्णाचे कार्ड त्याच्या पुढच्या तारखेच्या कप्प्यात टाका. आला की कार्ड पुढच्या महिन्याच्या तारखेला सरकते. संध्याकाळी त्या दिवसाच्या कप्प्यात जी कार्डे उरली तीच फोनची यादी.

४०० रुग्ण, ३० दिवसांचे औषध, महिन्याचे २५ कामाचे दिवस: रोज १६ जण यायला हवेत. त्यातले एक तृतीयांश चुकले असे धरा, म्हणजे पाच-सहा फोन. चार मिनिटांचा एक धरला तर अर्ध्या तासाच्या आत. त्या यादीला फोन लावण्याआधी तीन दिवस सवलत द्या, बरेच जण आपणहून येतात. आणि तोंड वाकडे झाले, एका बाजूची ताकद गेली, बोलणे अडखळते असे फोनवर ऐकले तर तारखेचा विषयच सोडा, १०८.

---

सातमाळा

केनियातले एक उदाहरण इथे सांगायलाच हवे. एचआयव्हीच्या औषधांवरच्या ५३८ जणांवर तीन दवाखान्यांत झालेली चाचणी, २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. दर आठवड्याला नर्सकडून एकच शब्द: 'माम्बो?', म्हणजे 'कसं काय?'. उत्तर 'सावा' म्हणजे ठीक, 'शिदा' म्हणजे अडचण, ४८ तासांच्या आत. संदेशात औषध नाही, आजार नाही, तारीख नाही. ज्यांना संदेश जात होते त्यांचे औषध जास्त नियमित राहिले. पण लोक तो एक शब्दच उचलतात आणि पुढचे विसरतात: 'शिदा' म्हणणाऱ्याला आणि उत्तर न देणाऱ्याला नर्स स्वतः फोन करत होती. आपल्याकडे 'बरंय ना?' विचारून पुढचा फोन करायला माणूस नेमला नाही, तर तो संदेश पाठवण्यात अर्थ नाही.

---

रानजाई

त्याचसाठी पायऱ्या आधी ठरवून भिंतीवर लावा. पहिला दिवस: दोन वेगळ्या वेळी फोन. दुसरा दिवस: दुसरा आणि तिसरा नंबर. तिसरा दिवस: आशाताई घरी. सातवा दिवस: वरिष्ठ उपचार पर्यवेक्षकाला नाव आणि पत्ता. प्रत्येक पायरीपुढे माणसाचे नाव हवे, पद नको. 'आशा जाईल' असे लिहिले की कुणीच जात नाही.

आणि कळकळीची विनंती: आशाताईंकडून स्वतःच्या रिचार्जवर ही कामे करून घेऊ नका. संस्थेच्या खर्चात दर महिन्याला तिच्या रिचार्जची ओळ टाका. गठ्ठ्याने नावे आणि आजार व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणेही बंद करा. ग्रुपमधून कोण कधी बाहेर गेले आणि कुणाच्या मुलाच्या हातात तो फोन असतो, याचा पत्ता नसतो. तिला फोन करून एकच नाव सांगा.

---

तांबडीमाती

धागा वाचला, आता नड सांगते. आमच्या भागातले लोक दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघतात. बीड, अहिल्यानगरकडून कोल्हापूर, सांगली, सातारा, काही कर्नाटकात. मार्च-एप्रिलला परत. औषध मध्यावर असलेल्यांचे काय करायचे? तिकडे गेल्यावर फोन बहुतेक बंद लागतात.

---

वहीवाला

तांबडीमाती, टोळी निघायच्या दोन आठवडे आधी कामाला लागा. उचल (आगाऊ पैसे) कुणाकडून घेतली ते विचारा, त्या मुकादमाचा नंबर घ्या, मिस्ड कॉलने तपासून. मुकादमाला आजार सांगायचा नाही. 'दवाखान्याचा निरोप आहे, फोन करायला सांगा' इतकेच. टोळीतल्या गाडीवानाचाही नंबर घ्या, कारखान्याच्या गव्हाणीवर वाहन थांबते तिथे त्याचा फोन लागतो. वेळ ठरवताना लक्षात ठेवा की तोड पहाटे सुरू होते आणि वाहन भरणे रात्रीपर्यंत चालू शकते. कोपीवर (तोडीवरच्या झोपडीत) माणूस निवांत कधी असतो, हे मागच्या हंगामात जाऊन आलेल्या बाईला विचारा. ती अचूक सांगेल.

---

डॉ. पाणवठा

कारखाना कळला की निक्षयमध्ये (टीबी रुग्णांची सरकारी ऑनलाइन नोंद) रुग्णाची बदली तिथल्या जवळच्या आरोग्य केंद्राकडे करा आणि बदली स्वीकारली गेली का हे तिथल्या पर्यवेक्षकाला फोन करून विचारा. नुसती पाठवलेली बदली तशीच पडून राहते. निक्षय क्रमांक देशभर एकच, कर्नाटकातही तोच. निघताना किमान २८ दिवसांची पाने हातात, आणि दोन महिने संपत आले असतील तर थुंकी तपासणी इथेच उरकून घ्या.

पोषण योजनेचे पैसे, जे नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला ५०० चे १,००० झाले, ते बँक खात्यात येतात. खाते आणि नंबर बरोबर आहे का हे जाण्याआधी रुग्णासोबत तपासा. पैसे आले का, हे विचारायला माणूस आपणहून फोन करतो. तो फोन आला की पाने मोजून घ्या.

---

मोळगीकर

कागद हरवतो. निक्षय क्रमांक, रोजच्या गोळ्या, औषध सुरू झाल्याची तारीख आणि दवाखान्याच्या फोनचा नंबर एका पुठ्ठ्यावर जाड अक्षरात लिहा, दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावा आणि गोळ्यांच्या पिशवीतच शिवून टाका. पुठ्ठ्यावर आजाराचे नाव नको. फोन नंबराखाली लिहा: 'मिस्ड कॉल द्या, आम्ही करू.' आणि ते करा, त्याच दिवशी.

---

तांबडीमाती

पिशवीत शिवायचे सुचले नव्हते. आमच्याकडे अकरा जण आहेत, त्यातल्या सात जणांचा मुकादम एकच. उद्या बाजार आहे, त्याला तिथेच गाठून नंबर तपासून घेते. पुठ्ठे आज रात्री करायला घेते.